चौदाशे चाळीस किलो

३ फेब्रुवारी, सोमवार

टेकडीकडची बस आजपासून बंद. कळवायची पद्धत म्हणजे थांब्याच्या खांबाला एक कागद, तोही ओला होऊन गुंडाळी झालेला. मी तो सरळ करून वाचला. ‘प्रवाशांच्या अल्प प्रतिसादामुळे.’ गेले चार महिने रोज त्या बसमध्ये बसून मी प्रतिसाद देते आहे, तो कोणाला दिसला नाही.

दोन बस बदलून आणि शेवटचा चढ पायी चढून शुश्रूषागृहात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. यांच्या चहावर साय धरली होती. पक्षाघातानं यांची उजवी बाजू गेली आणि शब्दही उलटसुलट झाले. कधी खिडकीला बादली म्हणतात. मला पाहून डाव्या हातानं घड्याळ दाखवलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत उशिरा आल्याबद्दल मला कोणी बोललं नव्हतं.

परतताना ठरवून टाकलं, गाडी घ्यायची. साधी मोटार नव्हे, पिकअप. नवी परवडणार नाही, म्हणजे वापरलेली. रोज बावीस किलोमीटर जायला आणि बावीस यायला. शिवाय मार्चच्या मध्याला फळबागा फुलतात, तेव्हा यांच्या मधमाश्यांच्या बत्तीस पेट्या ट्रेलरवर घालून तिकडे न्याव्या लागतात. यांचा जुना पिकअप ऑक्टोबरात टेकडीच्या वळणावर रस्त्याकडेच्या मोरीत गेला, झटका आला तेव्हा हेच चालवत होते. पिकअप भंगारात गेला आणि हे टेकडीवर.

डॉक्टर म्हणतो, माणसाला उठून बसायला काहीतरी कारण लागतं. कारण माझ्या दिराच्या आवारात बत्तीस पेट्यांत भरून ठेवलेलं आहे. ते फक्त ओढून आणायचं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

यांची वही काढली. दर मार्चला भरलेला ट्रेलर आधी वजनकाट्यावर न्यायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मगच बागेकडे निघायचं, ही यांची शिस्त. पेटी बिचारी बोलत नाही, पण वजन सांगतं, म्हणायचे. हिवाळ्यात किती मध खाल्ला, किती माश्या उरल्या, सगळं झाकण न उघडता कळतं.

गेल्या वर्षीचा आकडा चौदाशे चाळीस किलो. त्याआधी चौदाशे दहा. त्याआधी चौदाशे साठ.

आमची ओळखही काट्यावरचीच. मी वजनमापे खात्यात नवी निरीक्षक आणि हे तक्रारदार. काटा खोटा आहे म्हणत होते. मला वाटलं आणखी एक कटकट्या. तपासला तर काटा अकरा किलोनं खोटा निघाला. त्या दिवसापासून यांच्या आकड्यावर मी कधी शंका घेतली नाही, बाकी प्रत्येक गोष्टीवर घेतली.

तेव्हा हिशेब सरळ आहे. दीड टन ओढणारी गाडी हवी. तिच्याहून लहान पाहायचीच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

वापरलेल्या गाड्यांच्या आवारात गेले. सोबत फिटर होता, यांच्या जुन्या पिकअपचं काम करायचा तो. बोलतो कमी, बोटं मात्र कायम काळी. आवाराच्या मालकाला मी मनातल्या मनात साखरतोंड्या म्हणते. मला पाहताच त्यानं एक पांढरा छोटा पिकअप पुढे केला.

“मावशी, तुमच्यासाठीच ठेवलाय जणू. एका डॉक्टरीणबाईंचा आहे. फक्त दवाखान्यात जायच्या.”

मीटरवर एकतीस हजार किलोमीटर. मी दार उघडून खाली वाकले. क्लचच्या पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं.

“डॉक्टरीणबाईंचे पाय फारच जड दिसतात,” मी म्हटलं.

खोटं बोललं की जिभेवर काळा ठिपका उमटतो, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मदर सांगायच्या. लहानपणी रोज आरशात जीभ बघायचे मी. साखरतोंड्याची जीभ गुलाबी होती, म्हणजे मदरांच्या शास्त्रात कुठेतरी चूक आहे.

फिटर मात्र हळूच म्हणाला, “मीटर सोडा बाई, पण गाडी आतून बरी आहे. तुम्हाला रोजच्या जाण्यायेण्याला भरपूर झाली. तेलही कमी पिते.”

“ट्रेलर?”

“साडेसातशेपर्यंत ओढेल.”

“मला चौदाशे चाळीस ओढायचे आहेत.”

त्यानं हात पुसले. ते आधीच पुसलेले होते. “बघू,” म्हणाला.

९ फेब्रुवारी, रविवार

यांना सगळं सांगितलं. पेडलचं ऐकून हसले, अर्ध्या तोंडानं. मग मी वही उघडून आकडा वाचला तर तोंड भिंतीकडे फिरवलं. तसेच म्हणाले, “लहान घे.”

“लहान गाडीला तुमचा ट्रेलर झेपणार नाही.”

“पेट्या नकोत. लहान घे.”

मला राग आला. चौतीस वर्षं खात्याची जीप चालवली, मागे अर्धा टन वजनं टाकून, घाटात, धुक्यात. आणि यांना वाटतं ट्रेलर माझ्यानं ओढवणार नाही. मी बोलले तसं. यांनी डोळे मिटून घेतले. नर्सबाई म्हणाली, दमलेत. दमतील नाहीतर काय. गेल्या महिन्यात भाऊजी भेटून गेले आणि त्यानंतर दोन दिवस यांनी अन्नाला शिवलं नव्हतं. ते पाण्यासारखं सूप कोण पिणार? मी तेव्हा लेखी तक्रार केली होती, तिचं उत्तर अजून नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊजींकडे जाऊन आले. यांचा धाकटा भाऊ, सुतार, माणूस भला पण ढिला. कोणतंही काम ‘होऊन जाईल वहिनी’ म्हणून सुरू करतो आणि तिथेच थांबवतो. पेट्या त्यांच्या आवारात, पलीकडच्या कुंपणाशी दोन रांगांत आहेत. मला माशी चावली की घसा सुजतो, म्हणून मी लग्नापासून पेट्यांपासून चाळीस हात लांब. आजही फाटकातूनच पाहिलं. आभाळ राखेसारखं होतं, पण दुपारी जरा ऊन पडलं तेव्हा पेट्यांच्या तोंडाशी माश्या जा-ये करताना दिसल्या. बरं वाटलं. यांना सांगायला काहीतरी झालं.

“मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेट्या चढवायच्या,” मी म्हटलं.

“एवढी घाई कशाला वहिनी? यंदा राहू दे की. दादा बरा झाला की पुढच्या वर्षी बघू.”

“हे बरे व्हावेत म्हणूनच न्यायच्या आहेत.”

भाऊजी रंधा हातात घेऊन उभे. रंधा चालेना. “गाडी लहानच घ्या,” म्हणाले. “तुम्हाला एकटीला वापरायची.”

सगळ्यांना एकाच मास्तरनं शिकवलेलं दिसतं. बाई म्हटली की लहान गाडी, लहान पातेलं, लहान आवाज. माझ्या बाबतीत तिन्ही फसलं आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिरवा पिकअप पाहिला. मोठा, दोन टन ओढणारा. रंग नवा, इतका नवा की संशय यावा. फिटर खाली सरपटत गेला आणि पान्यानं एकदा ठोकलं. गंजाचा एवढा मोठा पापुद्रा पडला. वरून कीर्तन, आतून तमाशा. साखरतोंड्या म्हणाला, थोडं ऊनपावसाचं होतंच. मी म्हटलं, मीही ऊनपावसात वाढले, माझ्या सांगाड्याला भोकं नाहीत.

नंतर टेकडी पायी चढताना मात्र गुडघ्यानं सांगितलं की आहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे आज जेवले नाहीत. डॉक्टर म्हणाला, प्रगती थांबली आहे. थांबली म्हणजे काय ते विचारलं तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गाडी घेतली. करडी, चौकोनी, बारा वर्षांची. एका गवंड्याची होती, त्याची पाठ गेली म्हणून विकली. मीटरवर दोन लाख सत्तर हजार, आणि पेडल तेवढंच झिजलेलं, म्हणजे खरं. खाली गंज वरवरचा. गिअर कडक पडतात, दुसरा घालताना खांदा लागतो. मागचा लोखंडी गोळा, ज्याला ट्रेलर अडकतो, तो घासून चकचकीत झालेला. फिटर म्हणाला, यानं पुष्कळ ओढलंय.

गवंड्यानं किल्ली देताना विचारलं, “काय वाहणार, आजी?”

“मधमाश्या.”

“मग हळू न्या. माझ्या विटा तक्रार करत नव्हत्या.”

हा पहिला माणूस, ज्यानं मला लहान गाडी घे म्हटलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस गाडीनं जाते आहे. पस्तीस मिनिटं लागतात. आज यांचा चहा गरम असताना पोचले. खिडकीतून गाडी दाखवली. “मोठी,” म्हणाले. मी म्हटलं, मोठीच. खिडकीखालून बागेकडचा रस्ता जातो, सात तारखेला याच रस्त्यानं पेट्या नेताना तुम्हाला दिसतील. नर्सबाईला सांगून ठेवलं आहे, त्या दिवशी खुर्ची खिडकीशी हवी.

यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरला काय कळतं प्रगती थांबली की चालू आहे.

फिटरनं आज बजावलं, मागे ओझं नसलं की अशी गाडी ओल्या रस्त्यावर घसरते, वाळूच्या दोन गोण्या टाकून ठेवा. मी म्हटलं, ओझं येतंच आहे.

५ मार्च, बुधवार

ट्रेलर भरला. म्हणजे मी दुपारी पोचले तोवर भाऊजींनी एकट्यानं भरून दोरखंडानं आवळूनही टाकला होता. दरवर्षी हे आणि भाऊजी मिळून भरायचे तरी दोघांची कंबर मोडायची, तेही सूर्य मावळल्यावर, माश्या आत परतल्या की. यंदा भरदुपारी, एकट्यानं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भाऊजींचं कौतुक केलं. त्यांचा चेहरा मात्र कोणी थोबाडीत मारल्यासारखा.

“आणि माश्या?”

“जाळ्या लावल्यात पेट्यांच्या तोंडाला.”

चांगल्या लावल्या असणार. ट्रेलरपासून दहा पावलांवर उभी होते, एक गुणगुण नाही.

“उद्या काट्यावर नेते,” मी म्हटलं.

“काट्यावर कशाला वहिनी? आकडा वहीत आहे की.”

“तो गेल्या वर्षीचा. यांची शिस्त मोडायची नाही.”

भाऊजी म्हणाले, मीही येतो.

६ मार्च, गुरुवार

जे झालं ते क्रमानं लिहिते, पंचनाम्यासारखं. तेवढंच मला येतं.

सकाळी नऊ वाजता गावाबाहेरच्या काट्यावर पोचलो. पाऊस नव्हता पण सगळं ओलं होतं. ट्रेलर सोडवून एकटा काट्यावर उभा केला. काट्यावरच्या माणसानं केबिनमधून आकडा सांगितला, नऊशे तीस.

मी म्हटलं, पुन्हा बघा.

नऊशे तीस.

मी त्याला म्हटलं, तुमचा काटा पाचशे किलोनं खोटा आहे, शेवटची तपासणी कधी झाली, शिक्का दाखवा. त्यानं दाखवला, याच वर्षीचा होता. मग मी गाडीतून माझी वजनं काढायला लावली. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं निरोपाला दिलेली, झिजून बाद झालेली वीस किलोची चार. इतकी वर्षं पलंगाखाली होती, आज अशीच सोबत घेतली होती. सवय. त्या माणसानं आणि भाऊजींनी ती एकेक करून काट्यावर ठेवली. नऊशे पन्नास. नऊशे सत्तर. नऊशे नव्वद. एक हजार दहा.

काटा खरा होता.

मग ट्रेलरपाशी गेले, चाळीस हातांचा नियम मोडून, आणि दोरखंड सैल करून कडेची पेटी वर उचलली. मी, सत्तरीला टेकलेली बाई, मी ती पेटी उचलली. आत काहीतरी सुकी पानं हलावी तसं खुळखुळलं.

“केव्हा?” मी विचारलं.

“जानेवारीत,” भाऊजी म्हणाले. “थंडीची लाट आली ना, तेव्हा. आधी कसलीतरी कीड पडली होती, मला ओळखता आली नाही. दादा असता तर ओळखली असती. एक पेटी वाचली नाही, वहिनी.”

“मी माश्या पाहिल्या होत्या.”

“त्या दुसऱ्यांच्या. मेलेल्या पेट्यांतला उरलासुरला मध चोरायला येतात.”

बत्तीस खोकी आणि एक ट्रेलर. नऊशे तीस. बरोबर जुळतं. ज्या बाईनं हयातभर दुकानदारांच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा शोधून काढला, तिला महिनाभर एकही पेटी हलवून बघावीशी वाटली नाही. वहीतल्या आकड्यावर गाडी घेतली. खात्यात असते तर मला निलंबित केलं असतं.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, दादाला मी...”

मी त्यांना तिथेच तोडलं. “यांना एक शब्द कळता कामा नये. कळलं तर उद्या सकाळ बघणार नाहीत हे. बागवाल्याला मी फोन करून सांगते पेट्या येत नाहीत म्हणून. पण उद्या ट्रेलर खिडकीखालून जाणार. शपथ आहे तुम्हाला.”

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, “बरं वहिनी. कोणालाच काही सांगायचं नाही. मला सवय झालीय आता.”

कसली सवय, ते विचारायचं राहिलं. काट्यावरच्या माणसाची माफी मागितली. तो म्हणाला, असू दे बाई, असं तपासणारं आता कोणी येत नाही.

७ मार्च, शुक्रवार

रिकाम्या पेट्यांचा ट्रेलर ओढून टेकडीवर नेला. भरलेला वाटावा म्हणून चढावर मुद्दाम पहिल्या गिअरमध्ये चालवला. हळू, इंजिन ओरडवत. हे खिडकीत होते. नर्सबाईनं स्वच्छ दाढी करून दिली होती. मी खिडकीखाली थांबून काच खाली केली आणि हात वर केला. यांनीही डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, सगळा ट्रेलर नजरेआड जाईपर्यंत. वळणापलीकडे भाऊजी थांबले होते. ट्रेलर तिथेच सोडून मी वर गेले.

“किती?” यांनी विचारलं. शब्द स्पष्ट होता.

मला वाटलं होतं विचारणार नाहीत. वाटलं होतं, विसरले असतील.

“चौदाशे चाळीस,” मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत होते. चौतीस वर्षं लोक माझ्याकडे असे बघायचे, आणि मी त्यांच्याकडे, कोण आधी नजर खाली घेतं ते पाहत. आज मी घेतली.

“लिही,” म्हणाले.

वही माझ्या पिशवीतच होती. यांच्यासमोर उघडली, तारीख घातली आणि शाईनं लिहिलं. आयुष्यात मी लिहिलेला पहिला खोटा आकडा. अक्षर नेहमीसारखंच आलं, मदरांनी घोटवून घेतलेलं, डौलदार. यांनी बोटानं तो आकडा चाचपला, जणू ओला आहे का पाहतात.

“छान,” म्हणाले. “तुला... बरं वाटलं?”

“मला काय वाटायचंय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

“वाटलं,” म्हणाले. मग इथलं ते अळणी सूप अख्खी वाटीभर प्यायले. माझ्याकडे बघत, एकेक चमचा, औषध घेतल्यासारखं.

यांना काही कळलं नाही, हे देवाचे उपकार.

१० मार्च, सोमवार

सकाळी दात घासताना जीभ काढून आरशात पाहिली. या वयात. काही नव्हतं.

पाऊस भुरभुरतो आहे. दुसऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग सरकला, पुरता हातभर, थेट मोरीकडे. जिथे यांची गेली तिथेच. सावरली. टेकडीवर पोचले तेव्हा किल्ली मुठीत तशीच आवळलेली होती, ती यांना दिसली.

काय झालं ते सांगितलं. वळणाचं तेवढं, बाकी नाही.

यांनी माझा हात डाव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं चोळत बसले. मग म्हणाले, “लहान पुरली असती. मी सांगत होतो.”

आता या बोलण्याला काय अर्थ आहे? शुक्रवारी डोळ्यांनी बत्तीस पेट्या जाताना पाहिल्या आणि आज म्हणे लहान पुरली असती. मी म्हटलं, तुम्हाला गाड्यांतलं काय कळतं. हसले, अर्ध्या तोंडानं. नर्सबाई म्हणतेच, शब्द उलटसुलट होतात.

घरी आल्यावर फिटरचं आठवलं. वाळू कुठून आणायची या पावसात. पलंगाखाली परत सारलेली चारी वजनं एकेक करून ओढत बाहेर काढली आणि शेजारणीच्या जावयाकडून पिकअपच्या मागच्या हौद्यात ठेवून घेतली, बरोबर चाकांवर, दोन इकडे, दोन तिकडे. ऐंशी किलो. प्रत्येकी दोन ग्रॅम कमी.

उद्या आठला निघायचं.